‘वाचली ना, मग कशाला वाढवताय?’

पत्र :

ताई, आमचं घर विडी घरकुलमध्ये. अम्मा ५८ वर्षांची, जन्मभर विड्या वळल्या तिनं. शुगर बरीच वर्षं आहे. दीड महिन्यापूर्वी रात्री जेवणानंतर तिच्या छातीत जड व्हायला लागलं, जबडा दुखायला लागला, घामानं ब्लाउज भिजला, दोन उलट्या झाल्या. रिक्षा करून आम्ही तिला शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात नेलं. बाहेर ‘२४ तास तातडीची सेवा’ अशी पाटी आहे. पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. काउंटरवर म्हणाले, आधी केस पेपर काढा, वीस हजार डिपॉझिट भरा. माझा भाऊ अण्णा पैसे आणायला पळाला. अम्माला व्हीलचेअरवर बसवून कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलं. एक तरुण डॉक्टर आला, लांबूनच म्हणाला, गॅस झालाय, इंजेक्शन द्या. दुखणं वाढलं की अम्मा तेलुगूत बोलायला लागते. सिस्टर म्हणाली, मराठीत सांगा नाहीतर गप्प बसा. ईसीजी काढला तेव्हा सव्वाबारा झाले होते. मग म्हणाले, आमचे हार्टचे डॉक्टर बाहेरगावी आहेत, घेऊन जा. एका कागदावर माझी सही घेतली. अण्णाचा तोल गेला, त्यानं त्या डॉक्टरची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. दुसऱ्या रुग्णालयात गेल्या गेल्या हार्ट अटॅक सांगितला, रात्रीतच अँजिओप्लास्टी झाली. अम्मा वाचली.

आता अण्णा म्हणतो केस टाकायची, व्हिडिओ पसरवायचा. काका म्हणतात, ‘वाचली ना, मग कशाला वाढवताय? उलट तुझ्यावरच केस होईल.’ मी दोघांच्या मध्ये अडकले आहे. त्या रात्री मी ओरडायला हवं होतं, असं सारखं वाटतं.

एक गोष्ट मी घरात कुणालाच सांगितलेली नाही. त्या खुर्चीत बसल्या बसल्या अम्माला लघवी झाली. मी माझी ओढणी टाकली. तेव्हापासून ती दवाखान्याचं नाव काढू देत नाही. परवा नळावरून कळशी आणताना तिला धाप लागली, तर म्हणाली, ‘मेले तरी चालेल, तिथं नेऊ नका.’ मी काय करू?

– एक लेक, सोलापूर

उत्तर :

ताई, धाप लागल्याचं वाचलं त्याच दिवशी मी तुम्हाला कळवलं होतं की उत्तर छापून यायची वाट बघू नका, अम्माला दाखवून घ्या. इथे पुन्हा लिहिते, कारण हे सदर वाचणाऱ्या अनेक घरांत नुकताच असा झटका येऊन गेलेलं माणूस असतं. झटक्यात हृदयाचा जो स्नायू रक्तावाचून राहतो, तो कमजोर होतो. नंतर धाप लागणं, रात्री आडवं झालं की श्वास कोंडणं, पायावर सूज येणं, ही सगळी ते कमजोर हृदय दमल्याची लक्षणं असू शकतात. आणि अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनी उघडी ठेवायला स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या ज्या दोन गोळ्या देतात, त्या बहुतेकांना वर्षभर घ्याव्या लागतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्यांतली एकही बंद करायची नाही, कारण अचानक बंद झाल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. रुग्णालयाचा राग आला म्हणून गोळ्याही सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत. मी बरीच वर्षं रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम केलं, म्हणून हे ठामपणे सांगते. आज घरी गेलात की गोळ्यांची पाकिटं स्वतः उघडून बघा. किती उरल्यात ते मोजा.

तुमच्या पत्रातली ओढणीची ओळ सगळ्यात शेवटी आली आहे आणि बाकीच्या पत्रापेक्षा बारीक अक्षरात लिहिली आहे. मला वाटतं, घरातला सगळा तिढा त्या ओळीत आहे. अण्णा केसबद्दल बोलतोय, काका अब्रूबद्दल बोलताहेत, तुम्ही स्वतःला दोष देताय, आणि जिच्यावर हे गुदरलं तिला कुणी काही विचारलेलं नाही. अम्माला मरणाची भीती वाटत नसावी. चारचौघांत पुन्हा तसं व्हायची भीती वाटत असावी. जन्मभर विड्यांच्या हजेरीवर घर चालवलेली, कुणापुढे हात न पसरलेली बाई त्या दारात भिजलेल्या लुगड्यात बसून राहिली आणि आजूबाजूची माणसं ये-जा करत राहिली. हे तिच्या डोळ्यांपुढून हलत नाही. ‘झालं गेलं विसर’ म्हटल्यानं ते जायचं नाही.

तिच्याशी एकटीनं बोला. अण्णा कारखान्यावर गेलेला असताना, दुपारी, कामाच्या नादात, तिच्या भाषेत. विषय तुम्हीच काढा, कारण ती काढणार नाही. दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, इतक्या दुखण्यात, घामात, उलट्यांत शरीराचा ताबा सुटतो. मोठमोठ्या माणसांचा सुटतो. त्यात तिचं काही चुकलं नाही. दुसरं, लाज ज्यांना वाटायला हवी होती ते त्या रात्री ड्युटीवर होते. तिला चादर देणं, पडद्याआड नेणं, लुगडं बदलायला मदत करणं हे तिथल्या मावशीचं आणि सिस्टरचं रोजचं काम होतं, त्याला पैसे पडत नाहीत आणि हार्टचा डॉक्टरही लागत नाही. मग तिला विचारा, हे सगळं कागदावर लिहिलं तर चालेल का? ‘नको’ म्हणाली तर ओढणीची गोष्ट तक्रारीतून वगळा, बाकीचं लिहा. ‘लिही’ म्हणाली तर तिच्या शब्दांत लिहा. तक्रार तिची आहे. तिची सही किंवा अंगठा तिच्या मर्जीनं पडायला हवा.

तपासणीसाठी पुन्हा त्याच प्रकारच्या दारातून नेऊ नका. जिथे अँजिओप्लास्टी झाली तिथल्या डॉक्टरांच्या सकाळच्या ओपीडीची वेळ आधी फोन करून घ्या आणि थेट ओपीडीत जा. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे डॉक्टर भरपूर आहेत. तुमच्या गल्लीतल्या ज्या डॉक्टरवर तिचा विश्वास आहे, त्याला मध्ये घाला. तो बीपी बघेल, पाय दाबून सूज बघेल आणि ‘अम्मा, जाऊन या’ असं त्यानं म्हटलेलं ती तुमच्यापेक्षा लवकर ऐकेल. बरोबर साडीची एक घडी, एक टॉवेल पिशवीत ठेवा आणि ठेवलाय हे तिला दाखवा.

आता तुमचं ‘मी ओरडायला हवं होतं’. नाही ताई. त्या दारात काय व्हायला हवं होतं ते सांगते.

आपत्कालीन विभागात गर्दीत कुणाला आधी बघायचं, हे आलेल्या क्रमानं किंवा डिपॉझिटच्या क्रमानं ठरत नाही. दाराशीच एका जाणत्या माणसानं, बहुतेक ठिकाणी प्रशिक्षित सिस्टरनं, प्रत्येक रुग्णाची नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन आणि शुद्ध दोन-तीन मिनिटांत बघायची असते आणि त्यावरून लाल, पिवळा, हिरवा असा रंग द्यायचा असतो. लाल म्हणजे आत्ता, याच क्षणी. हिरवा म्हणजे थोडं थांबलं तरी चालेल. याला ट्रायाज म्हणतात. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांच्या आत काढून डॉक्टरनं बघायचा, हे हृदयरोगाच्या मार्गदर्शक सूचनांत जगभर मान्य झालेलं आहे. १० मिनिटंच का, तर रक्तवाहिनी बंद असेल तेवढा वेळ हृदयाचा स्नायू मरत जातो आणि मेलेला स्नायू परत उगवत नाही. अम्माचा ईसीजी पावणेतीन तासांनी निघाला.

त्यातही अम्मा बाई आणि शुगरची पेशंट. शुगर जुनी असली की नसांची जाणीव बोथट होऊ शकते. सिनेमातल्यासारखं छाती धरून कोसळणं अशा रुग्णांत नेहमी दिसत नाही. जबडा दुखणं, घाम, मळमळ, धाप, नुसतं जड वाटणं, असाही झटका येतो. बायकांत तर हे जास्तच दिसतं. म्हणूनच ‘गॅस’ म्हणून परत पाठवलेल्यांत बायका किती असतात, हे कॅज्युअल्टीत काम केलेली कुठलीही सिस्टर सांगेल. शुगर असलेल्या ५८ वर्षांच्या बाईला घाम, उलटी आणि जबड्यात दुखणं असं एकदम झालं, तर ईसीजी बघितल्याशिवाय कुणी ‘गॅस’ म्हणू नये. तुम्ही सगळी लक्षणं सांगितली होती. ऐकून घेणं त्यांचं काम होतं. तुमच्या आवाजाच्या पट्टीवर तुमच्या आईचा जीव अवलंबून असायला नको होता.

थांबावं लागणं आणि न बघता थांबवून ठेवणं यात फार अंतर आहे. पहिल्याबद्दल मी कधीच तक्रार करायला सांगत नाही. रात्री पुणे किंवा हैदराबाद रस्त्यावरचा अपघात येतो, चार जखमी एकदम, पोलीस, एमएलसीचे, म्हणजे पोलीस केसचे कागद, नातेवाइकांचा गलका. अशा वेळी पाय मुरगळलेल्यानं दोन तास थांबायलाच हवं. तो तरुण डॉक्टरही कदाचित आदल्या सकाळपासून उभा असेल. खासगी रुग्णालयांत रात्रीची कॅज्युअल्टी पुष्कळदा एका नव्या डॉक्टरवर सोडलेली असते, मोठे डॉक्टर फोनवर, आणि फोन केला की ‘एवढ्यासाठी उठवलंस?’ म्हणून ऐकून घ्यावं लागेल ही धास्ती. हे त्याच्या बाजूनं. पण म्हणूनच तर दाराशी रंग ठरवणारी व्यवस्था लागते, म्हणजे एकट्या दमलेल्या पोराच्या नजरेवर सगळं राहत नाही. ती व्यवस्था ठेवणं मालकाचं आणि वैद्यकीय अधीक्षकांचं काम. पाटी त्यांनी लावली आहे, त्या पोरानं नाही. त्यामुळे तक्रारीचा रोख त्या पोरावर नको, त्या दारावर असू द्या. एका पोराला काढून टाकलं तर पुढच्या महिन्यात दुसरा येईल आणि व्हीलचेअर तिथेच, डब्याशेजारी राहील.

अण्णाबद्दल. त्याचा राग मला समजतो, पण कॉलर धरली हे वाईट झालं, आणि ते त्याला तुम्ही सांगायला हवं. महाराष्ट्रात २०१० पासून डॉक्टर-कर्मचाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दीड महिन्यात काही आलेलं नाही, तरी त्यानं आता व्हिडिओ पसरवू नये. त्यात त्या डॉक्टरचा चेहरा असेल, इतर रुग्ण असतील, आणि कदाचित खुर्चीतली अम्माही असेल. तिला ते सोलापूरभर फिरलेलं चालेल का? व्हिडिओ पुसू मात्र नका, कारण त्यावर वेळ आहे. जपून ठेवा. आणि तक्रारीत कॉलरचा प्रसंग लपवू नका. एका वाक्यात लिहा की शेवटी भावाचा तोल गेला, त्याबद्दल आम्हाला खेद आहे. समोरचे तो मुद्दा काढणारच. तुम्ही आधी लिहिलात तर त्याची धार जाते.

कामाला सुरुवात कागदांपासून करा. पहिल्या रुग्णालयाला साधा अर्ज द्या की अमुक तारखेच्या रात्रीचे केस पेपर, दिलेल्या इंजेक्शनची नोंद, ईसीजी आणि मी सही केलेला कागद यांच्या प्रती द्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकानं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. अर्ज अम्माच्या सहीनं द्या, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा. त्याच अर्जात एक ओळ घाला की त्या रात्रीचं कॅज्युअल्टीतलं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवावं. दीड महिन्यात ते पुसलं गेलं असण्याची शक्यता मोठी आहे, पण मागितल्याची नोंद हवी.

ईसीजीबद्दल एक बारकी गोष्ट. ती गुलाबी चौकटींची पट्टी असते ना, तिच्या कडेला तारीख आणि वेळ छापलेली असते. तुमच्या सगळ्या म्हणण्याचा कणा ती वेळ आहे. पण तो कागद उष्णतेवर छापणारा असतो, पावतीसारखा. प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तो काही महिन्यांत फिका पडत जातो. दुसऱ्या रुग्णालयातली पट्टी तुमच्याकडे असेल. आजच तिचा उजेडात फोटो काढा आणि झेरॉक्स करून घ्या. मशीनचं घड्याळ कधीकधी चुकीचं लावलेलं असतं, म्हणून रिक्षावाल्याला किंवा अण्णाला त्या रात्री केलेले फोन, डिपॉझिटची पावती, एटीएमचा मेसेज, यांच्या वेळाही लिहून ठेवा.

तुम्ही सही केलेला कागद बहुधा ‘डामा’चा असेल, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून स्वतःच्या मर्जीनं रुग्ण नेत आहोत असं लिहून घेतलेला. ‘आमच्याकडे डॉक्टर नाहीत, घेऊन जा’ असं स्वतःच सांगायचं आणि वर असा कागद घ्यायचा, हे सर्रास चालतं. तो रेफर करण्याचा कागद असायला हवा होता, कुठे पाठवतोय, काय औषध दिलंय ते लिहून, आणि अॅम्ब्युलन्सची सोय करून. त्या सहीनं घाबरू नका. आधीच्या पावणेतीन तासांचा जाब त्या सहीनं मिटत नाही.

मग तक्रार. दोन पानांपेक्षा मोठी नको. विशेषणं नकोत, ‘माणुसकी मेली’ वगैरे वाक्यं नकोत. तुमच्या पत्रावरून मी साधारण कशी लिहिली असती ते दाखवते :

‘रात्री ९.३० : आई कॅज्युअल्टीत. छातीत जडपणा, जबड्यात दुखणं, घाम, दोन उलट्या. शुगर असल्याचं काउंटरवर सांगितलं. नाडी, बीपी कुणी बघितलं नाही. आधी २०,००० रुपये भरण्यास सांगितलं. त्यानंतर : ड्युटीवरील डॉक्टरांनी हात न लावता गॅस असल्याचं सांगितलं, एक इंजेक्शन देण्यात आलं. आई तेलुगूत बोलत होती. मी मराठीत सांगायला तयार असताना तिला गप्प बसण्यास सांगण्यात आलं. १२.१५ : पहिला ईसीजी. त्यानंतर हृदयरोगतज्ज्ञ उपलब्ध नसल्याचं प्रथमच सांगितलं.’

एवढंच. हे वाचून कुणाही डॉक्टरला काय झालं ते कळतं. तो ‘प्रथमच’ शब्द राहू द्या. तज्ज्ञ नाही हे साडेनऊलाच माहीत होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर अम्मा दहाला दुसरीकडे असती. माझ्या मते त्या रात्रीतली सगळ्यात गंभीर गोष्ट ही आहे, गॅसच्या निदानापेक्षाही. निदान चुकू शकतं. आपल्याकडे इलाज नाही हे ठाऊक असून रुग्ण धरून ठेवणं याला नुसती चूक म्हणता येत नाही.

शेवटी काय हवं ते लिहा, नाहीतर ‘आपल्या असुविधेबद्दल दिलगीर’ असं छापील उत्तर येतं. लेखी उत्तर हवं : दाराशी तपासणी कोण करतं, त्या रात्री कोण होतं, ईसीजीला एवढा वेळ का लागला. डिपॉझिटचे पैसे परत हवेत. आणि छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी पैशांआधी काढला जाईल अशी लेखी सूचना त्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना द्यावी, तिची प्रत हवी. अम्मानं सांगितलं तर तिच्याजवळ माफी.

हे रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या नावानं द्या आणि प्रत महापालिकेच्या आरोग्याधिकाऱ्यांना. शहरातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी महापालिका करते. शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये बदल झाले, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं रुग्णालयांना बंधनकारक आहे. अर्ज द्यायला जाल तेव्हा ती भिंतीवर आहे का बघा आणि नसेल तर तेही लिहा. पैशांअभावी तातडीचा उपचार अडवता येत नाही, हे त्या हक्कांतच आहे. सर्वोच्च न्यायालयानं तर १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय की डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य.

अण्णाला ‘केस’ हवी आहे. पोलिसांत जाऊन लगेच गुन्हा दाखल होईल अशी आशा धरू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी फार मोठा निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि आधी स्वतंत्र डॉक्टरांचं मत घ्यावं लागतं. ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ पासून ठरलेलं आहे. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, आणि आयोग सोलापुरातच आहे. पण तिथेही ‘उशिरामुळे हृदयाचं नुकसान झालं’ हे सांगणारं तज्ज्ञाचं मत बहुतेक वेळा लागतं. म्हणून घाई नको. आधी कागद, मग तक्रार, मग त्यांचं उत्तर. ते हातात आल्यावर वकील करायचा का ते ठरवा. त्या डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेतही जाता येतं, मी मात्र वर सांगितलेल्या कारणानं त्याच्यावर लगेच तुटून पडणार नाही.

काकांना काय सांगाल? ते वाईट माणूस नाहीत. मोठ्या लोकांशी वाकडं घेतलं की गरिबाचंच नुकसान होतं, हे त्यांनी आयुष्यभर बघितलंय. त्यांना सांगा की आपण कुणाशी भांडायला निघालेलो नाही, अर्ज देतोय, आणि अर्ज दिला म्हणून कुणावर केस होत नाही. आणि वाचली म्हणून हिशेब मिटत नाही. वाचली ती दुसऱ्या रुग्णालयानं वाचवली. नळावरून येताना तिला लागणारी धाप ही कदाचित त्या पावणेतीन तासांची किंमत आहे. घरकुलमध्ये विड्या वळणाऱ्या, शुगर असलेल्या, दुखलं तरी अंगावर काढणाऱ्या बायका काय कमी आहेत? त्यांतली एखादी उद्या रात्री त्याच दारात जाणार आहे. काकांच्या घरातलीच कुणी असू शकेल.

राहिला पुन्हा तशी वेळ आली तर काय, हा प्रश्न. अम्मासाठी एक कागद बनवा, त्यावर आजार, गोळ्यांची नावं, स्टेंटची तारीख आणि डॉक्टरांचा नंबर लिहा. तो दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि फोटो अण्णाच्या व तुमच्या मोबाइलमध्ये, जुन्या ईसीजीच्या फोटोबरोबर. जुना ईसीजी समोर असला की नवा बदल डॉक्टरला लगेच दिसतो. रात्री कोणत्या रुग्णालयात हृदयाचा डॉक्टर खरोखर हजर असतो आणि अँजिओप्लास्टी होते, हे आत्ताच दिवसाउजेडी विचारून ठेवा. ते मोफत उपचाराच्या सरकारी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हेही तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा. रेशनकार्ड आणि आधार एका पाकिटात ठेवा. रिक्षा शोधू नका, १०८ ला फोन करा. दारात गेल्यावर एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, आणि पहिलं वाक्य हे : ‘हिला स्टेंट आहे, शुगर आहे, छातीत जड झालंय, आत्ता ईसीजी काढा. तुमच्याकडे हृदयाचे डॉक्टर आहेत का?’ ‘नाहीत’ म्हणाले तर पहिला ईसीजी तिथेच काढून घ्या आणि लगेच पुढे न्यायला अॅम्ब्युलन्स मागा.

तक्रार दिल्यावर बहुधा रुग्णालयातून फोन येईल, ‘या, बसून बोलू.’ जा. पण एकट्या जाऊ नका आणि अण्णालाही एकटा पाठवू नका. काकांना बरोबर घ्या, त्यांचं शांतपणे बोलणं तिथे उपयोगी पडेल. तिथे काहीही कबूल करण्याआधी किंवा सही करण्याआधी कागद घरी आणून अम्माला वाचून दाखवायचा आहे, असं सांगा. पैसे देऊन ‘तक्रार मागे घेतली’ असं लिहून मागतील तर ते तिनं ठरवायचं. महिनाभरात लेखी उत्तर आलं नाही, तर पोचेची झेरॉक्स घेऊन आरोग्याधिकाऱ्यांकडे स्वतः जा आणि तिथूनही पोच घ्या. आणि ओपीडीत दाखवलंत की डॉक्टर काय म्हणाले ते मला आधी कळवा, तक्रारीचं नंतर.